क्लच : जळण्याआधी ओळखा, हंगामाआधी दुरुस्त करा
(ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरमालक सभासदांसाठी)



हंगाम तोंडावर आला आहे. कारखान्यात बॉयलरची, मिलची, गव्हाणीची कामे रात्रंदिवस चालू आहेत. प्रत्येक यंत्र खोलून, पुसून, झिजलेला भाग बदलून पुन्हा जोडले जात आहे. पण आम्ही नेहमी म्हणतो, कारखान्याचे पहिले यंत्र कारखान्याच्या आवारात नसतेच. ते आपल्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभे असते. फडातला ऊस काट्यापर्यंत आणणारा ट्रॅक्टर, हे ते यंत्र. ते थांबले की टोळी थांबते, फड थांबतो आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत पडतो. तोडलेल्या उसाचे वजन तासातासाने घटते, साखरेचा उताराही उतरतो. हे नुकसान मालकाचे, तसेच सर्व सभासदांचे. म्हणून या अंकात ट्रॅक्टरच्या एकाच भागाविषयी, पण जरा सविस्तर, लिहीत आहोत. तो भाग म्हणजे क्लच.

विषय क्लचचाच का घेतला, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामात थंडीच्या दिवसांत एका गटातला ट्रॅक्टर डबल ट्रॉली भरून संध्याकाळी निघाला. वाटेत कॅनॉलच्या पुलाचा चढ आहे. समोरून गाड्या आल्या म्हणून ड्रायव्हरने चढावरच थोपवून धरले. ब्रेक नाही लावला, क्लच अर्धा सोडून इंजिनच्या जोरावर गाडी जागच्या जागी धरली. चार-पाच मिनिटांत जळका वास आला. वाट मोकळी झाली, त्याने क्लच सोडला, इंजिन गरजले आणि गाडी हलेना. उलट इंचाइंचाने मागे येऊ लागली. नशिबाने मागच्या ट्रॉलीवर बसलेला पोरगा उडी मारून उतरला आणि त्याने चाकाखाली दगड टाकला. तसे झाले नसते तर आज आम्ही क्लचवर नव्हे, दुसऱ्याच गोष्टीवर लिहीत असतो.

ट्रॉल्या रात्रभर पुलावर राहिल्या. मागची वाहने अडकली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा ट्रॅक्टर लावून त्या ओढल्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट दोन्ही गेल्या, फ्लायव्हील लेथवर न्यावे लागले, चार दिवस खाडा पडला. आम्ही पाहायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, क्लच महिनाभर सांगत होता. आम्हालाच ऐकू आलं नाही."

तो काय सांगत होता आणि ते कसे ऐकायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

क्लचचे काम काय?

जुन्या पिठाच्या गिरणीत एक सोय असायची. इंजिन चालू असे, पण जाते थांबवायचे असले की पट्टा घट्ट पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचे. इंजिन फिरत राही, जाते थांबे. ट्रॅक्टरमध्ये हेच काम क्लच करतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणे आणि तोडणे, एवढेच त्याचे काम.

पण जोडण्यातही एक कसब आहे. जुपलेला चांगला बैल भरल्या गाडीला एकदम हिसका देत नाही. आधी मान खाली घालतो, खांदा टेकवतो, भार अंगावर घेतो आणि मग पाऊल उचलतो. इंजिन मिनिटाला हजार-पंधराशे फेरे फिरत असते आणि चाके उभी असतात. दोघांची गाठ एकदम घातली तर इंजिन तरी बंद पडेल, नाहीतर गिअरचा दात तरी तुटेल. म्हणून क्लच प्लेट थोडी घसरत, घासत, भार घेते. हे घसरणे दोन-तीन सेकंदांचे असावे. ते मिनिटांचे झाले की प्लेट जळते.

आत रचना साधी आहे. इंजिनच्या मागे जड फ्लायव्हील. त्याला टेकलेली क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना फेसिंग बसवलेले असते. प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी स्प्रिंगांची प्रेशर प्लेट. पॅडल दाबले की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पॅडल सोडले की स्प्रिंगा पुन्हा दाबून धरतात. म्हणजे क्लच पकडतो तो स्प्रिंगांच्या जोरावर. आपला पाय फक्त सोडवण्याचे काम करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

एकेरी, दुहेरी आणि स्वतंत्र

ट्रॅक्टर घेताना किंवा जुना ट्रॅक्टर पारखताना सभासद विचारतात, "सिंगल क्लचचा घ्यावा की डबलचा?" याचे उत्तर ट्रॅक्टरला कोणते काम आहे त्यावर आहे.

एकेरी क्लचमध्ये एकच प्लेट असते. पॅडल दाबले की चाकेही थांबतात आणि मागचा पी.टी.ओ. शाफ्टही. भाग कमी, दुरुस्ती सोपी, खर्च कमी. नुसती ट्रॉली ओढायची, नांगर मारायचा, सरी पाडायची, तर एकेरी क्लच पुरेसा आहे. वाहतुकीसाठी दुहेरी क्लच अधिक जोर देतो ही समजूत बरोबर नाही. दुहेरी क्लच जोर वाढवत नाही, सोय वाढवतो.

दुहेरी क्लचमध्ये दोन प्लेटा असतात, एक चाकांसाठी आणि एक पी.टी.ओ.साठी. पॅडल अर्धे दाबले की चाके थांबतात पण पी.टी.ओ. फिरत राहतो. पूर्ण दाबले की तोही थांबतो. रोटाव्हेटर चालवताना, खोडव्यात पाचटाची कुट्टी करताना याचा खरा उपयोग कळतो. जड पाचट यंत्रात तुंबले तर ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा आणि यंत्राला तेवढे खाऊ द्यायचे, हे एकेरी क्लचमध्ये जमत नाही. पॅडल दाबले की यंत्रच थांबते आणि पाचट आत अडकून बसते. आता पाचट न जाळता कुट्टी करून सरीत ठेवणारे सभासद वाढत आहेत. त्यांनी दुहेरीचा विचार जरूर करावा.

एकेरी क्लचवर कुट्टी यंत्र चालवणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखावा. जड पात्यांचे यंत्र वेगात फिरत असते. आपण क्लच दाबला तरी त्या पात्यांचा वेग लगेच मरत नाही. तो उलट्या दिशेने गिअरबॉक्समधून चाकांना ढकलतो. क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे जातो आणि माणूस गोंधळतो. बांधाजवळ, विहिरीजवळ हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. म्हणून अशा ठिकाणी आधी गॅस कमी करावा, क्लचबरोबर ब्रेकही दाबावा. यंत्राचा फिरता जोर उलट येऊ न देणारी कपलिंग पी.टी.ओ.वर बसवता येते, ती मिस्त्रीकडून बसवून घ्यावी.

तिसरा प्रकार स्वतंत्र पी.टी.ओ. क्लचचा. यात पी.टी.ओ.साठी वेगळी हाताची दांडी असते. पायाचे पॅडल फक्त चाकांचे. सर्वांत सोयीचा, पण किमतीला आणि दुरुस्तीलाही चढा.

दुहेरी क्लचच्या दुरुस्तीत एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन्ही प्लेटांची सोडवण एकाच पॅडलवर, ठरलेल्या अंतराने, व्हावी लागते. फिंगरांचे माप आणि दोन टप्प्यांमधले अंतर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच बसवले पाहिजे. "नजरेनं बसवतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला दुहेरी क्लच देऊ नये.

फेसिंग कोणते?

प्लेटच्या फेसिंगचेही मुख्यतः दोन प्रकार बाजारात दिसतात. एक नेहमीचे, तंतू आणि राळ दाबून केलेले सपाट गोल फेसिंग. हे हळुवार पकडते, गाडी झटका न देता उचलते. मात्र फार तापले की त्यातली राळ करपते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते.

दुसरा प्रकार धातूमिश्रित सिरॅमिकच्या ठोकळ्यांचा, ज्याला गॅरेजात बटण प्लेट म्हणतात. हा जास्त उष्णता सोसतो. पण पकडताना खसकन पकडतो, ड्रायव्हरचा पाय हलका नसेल तर झटके बसतात आणि फ्लायव्हीलही जास्त घासते. आपल्या मॉडेलला कंपनीनेच ती प्लेट दिलेली असेल तर जरूर वापरावी. पण शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला चालली म्हणून आपल्याला बसवली, असे करू नये. प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगांचा जोर एकमेकांना जुळलेला असतो.

स्वस्त नकली प्लेटेबद्दल वेगळे सांगायला नको. आम्ही स्वतः एका दुकानातून वर्कशॉपच्या ट्रॅक्टरला अशी प्लेट आणून बसवली आणि तीन आठवड्यांत पुन्हा ट्रॅक्टर सोडवला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. खोके, छाप, पक्की पावती पाहिल्याशिवाय माल घेऊ नये, हे आम्ही स्वतःच्या खिशातून शिकलो.

बिनगिअरच्या स्कूटरचे काय?

एका सभासदाने आम्हाला विचारले, "घरच्या स्कूटरला क्लचच नाही, मग ट्रॅक्टरलाच का?" स्कूटरलाही क्लच आहे, फक्त तो आपला पाय मागत नाही. इंजिनकडच्या पुलीत वजनदार गोळ्या असतात. वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ आणतात. पट्टा वर चढतो आणि मागची पुली स्प्रिंगेविरुद्ध उघडते. असा गिअर आपोआप बदलत जातो. मागे क्लचचे बूट असतात, तेही वेगाने बाहेर फाकून ड्रमला पकडतात. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या पेट्रोलच्या लहान गाड्यांतही अशाच दोन पुल्या आणि पट्टा असतो. हलक्या भाराला हे उत्तम. पण भरल्या दोन ट्रॉल्यांचा ताण त्या रबरी पट्ट्याने कसा सोसावा? तिथे स्प्रिंगांनी दाबलेली प्लेटच हवी. स्कूटर उचल घेईना, इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तर पट्टा, गोळ्या आणि बूट तपासून घ्यावेत. दुखणे ट्रॅक्टरसारखेच, घसरण्याचे.

क्लच जळतो कसा? एक हिशेब

आता मुद्द्याचे. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन वजन धरू. सपाट रस्त्यावर हे वजन पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटर वेगाला आणताना क्लचमध्ये जी उष्णता तयार होते ती साधारण अर्धा कप पाणी उकळण्याइतकी असते. आता हेच वजन उतावळेपणाने वरच्या गिअरमध्ये उचलले आणि क्लच घसरवत ताशी १५ किलोमीटरला आणले, तर उष्णता किती? वेग तिप्पट झाला म्हणून तिप्पट नव्हे. ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे नऊपट. अर्धा लिटर पाणी उकळेल इतकी. रस्त्याचा विरोध आणि चढ धरला तर त्याहूनही जास्त. आणि ही सगळी उष्णता बंद डब्यात, ताटाएवढ्या प्लेटवर.

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याचा हिशेब याहून वाईट. वीस फुटांना एक फूट अशा चढावर हे २० टन अर्ध्या क्लचवर थोपवले, तर हजार वॉटच्या कित्येक विजेच्या शेगड्या क्लचच्या डब्यात पेटवून ठेवल्यासारखे आहे. गाडी जागची हलत नाही, काम शून्य, आणि शेगड्या मात्र चालू. पुलावरच्या त्या ट्रॅक्टरचे हेच झाले.

एकदा फेसिंग करपले की दुष्टचक्र सुरू होते. पकड कमी म्हणून प्लेट घसरते, घसरते म्हणून तापते, तापते म्हणून पकड आणखी कमी. वर स्प्रिंगाही उष्णतेने मऊ पडतात. म्हणून "थोडा घसरतोय, हंगाम काढू" हा हिशेब जमत नाही. घसरणारा क्लच हंगाम काढत नाही, हंगामाच्या मध्यावर साथ सोडतो.

पॅडलची मोकळीक : सर्वांत स्वस्त दुरुस्ती

पॅडल हाताने हलके दाबून पाहा. सुरुवातीला ते काही अंतर रिकामे जाते आणि मग जड लागते. हे रिकामे अंतर म्हणजे मोकळीक. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या आसपास असते. आपल्या मॉडेलचे नेमके माप पुस्तकात दिलेले असते, तेच धरावे.

इथे पुष्कळांची चूक होते. प्लेट घासत गेली की मोकळीक वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. फेसिंग पातळ झाले की प्रेशर प्लेट पुढे सरकते आणि तिची फिंगरे मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. त्यामुळे मोकळीक कमी होत जाते. ती संपली की बेअरिंग सतत फिंगरांना टेकून फिरते, आपण पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट घसरू लागते. पुलावरच्या ट्रॅक्टरची मोकळीक आम्ही मोजली, ती शून्य होती. तो महिनाभर सांगत होता ते हेच.

मोकळीक बसवायला दोन पाने आणि दहा मिनिटे लागतात. चेकनट ढिला करायचा, लिंकची लांबी कमीजास्त करायची, माप पाहायचे, नट आवळायचा. हंगामात दर आठवड्याला एकदा मोकळीक पाहावी.

आणि ड्रायव्हरचा पाय! गाडी चालू असताना पॅडलवर पाय टेकवून बसण्याची सवय असेल, तर बसवलेल्या मोकळिकीचा काहीएक उपयोग नाही. पायाचे ओझेच ती खाऊन टाकते. पाय पायरीवर, पॅडलवर नाही.

दुखणे कसे ओळखावे?

घसरतो का? सपाट, मोकळ्या जागी, समोर-मागे कोणी नसताना ट्रॅक्टर उभा करावा. दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा, गॅस थोडा ठेवावा आणि क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकडतो आहे. इंजिन चालूच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच, काही सेकंदांची. पुनःपुन्हा केली तर परीक्षेनेच प्लेट जळेल.

सुटतो का? पॅडल पूर्ण दाबून क्षणभर थांबून गिअर टाकावा. खरखर झाली तर क्लच नीट सुटत नाही. मोकळीक फार जास्त असेल, प्लेट वाकली असेल, शाफ्टच्या खाचांवर अडकत असेल किंवा फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग जाम झाले असेल.

थरथरतो का? गाडी उचलताना सगळा ट्रॅक्टर थरथरला तर फेसिंगला तेल लागले असावे, फिंगरे एका पातळीत नसावीत किंवा फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले असावेत. तेल लागले असेल तर ते कुठून आले ते शोधावे. इंजिनच्या मागची ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढची सील, या दोहोंपैकी एक गळत असते. सील न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

आवाज येतो का? पॅडल दाबले की आवाज आणि सोडले की शांत, तर बहुधा रिलीज बेअरिंग. उलट पॅडल सोडलेले, गिअर न्यूट्रलला असताना आवाज आणि दाबले की शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग तपासावे. एवढे मिस्त्रीला सांगता आले तरी त्याचा अर्धा दिवस आणि आपली मजुरी वाचते.

ट्रॅक्टर सोडवावा लागला तर

क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. हे घरी हौसेने करण्याचे काम नाही. जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण मालकाने शेजारी उभे राहून खालील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आधाराची. पुढचा अॅक्सल मध्यावर डुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय ट्रॅक्टर सोडवू नये. सोडवलेला पुढचा भाग आडवा कलंडून माणूस सापडू शकतो. दोन्ही भागांखाली पक्के स्टँड हवेत, नुसत्या जॅकवर काम करू नये. बॅटरीची तार आधी काढावी.

दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते छातीला वाईट. डब्यातली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, नाकाला रुमाल बांधावा.

तिसरी, काय बदलायचे ती. फेसिंग रिव्हेटच्या डोक्याला येण्याआधी प्लेट बदलावी. रिव्हेट टेकले की ते फ्लायव्हील कोरतात. फ्लायव्हीलवर खोल चरे, बारीक तडे किंवा निळे डाग असतील तर लेथवर नेऊन तपासावे. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा निळ्या पडल्या असतील, फिंगरांची टोके झिजली असतील तर तीही बदलावी. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील याच वेळी बघावेत. यातला एखादा भाग नंतर गेला, तर त्या लहानशा भागासाठी सगळा ट्रॅक्टर पुन्हा सोडवावा लागतो. मजुरी तीच, खाडा तोच.

चौथी, बसवण्याची. बंद बांधणीचे रिलीज बेअरिंग डिझेलने धुऊ नये, आतले ग्रीस निघून जाते. नव्या प्लेटेवर ग्रीसचा हात लावू नये. शाफ्टच्या खाचांना मात्र अगदी पातळ ग्रीस लावावे. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते तिच्यावर लिहिलेले असते, उलटी बसवू नये. प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट वापरावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. शेवटी फिंगरांची पातळी मापाने सारखी करावी आणि पॅडलची मोकळीक बसवावी.

नवी प्लेट बसल्यावर पहिल्या काही खेपा हलक्या कराव्यात. नवे फेसिंग फ्लायव्हीलला बसायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी डबल ट्रॉली लावू नये. म्हणूनच हे काम हंगामाआधी उरकावे, असे आमचे सांगणे आहे.

उतार आणि क्लच

एक गोष्ट जिवाची म्हणून वेगळी लिहितो. उताराला क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडण्याची सवय काही ड्रायव्हरांना आहे. डिझेल वाचते म्हणतात. क्लच दाबला की इंजिनचा धरून ठेवणारा जोर सुटतो आणि २० टन वजन एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. ट्रॉल्यांना ब्रेक नसेल तर त्या ट्रॅक्टरला मागून ढकलतात आणि आडव्या होतात. जो गिअर चढाला लागतो तोच उताराला ठेवावा, क्लचला हात लावू नये. आणि चढावर थांबायचे तर ब्रेक लावून, चाकाला लाकडी ठोकळा देऊन थांबावे. प्रत्येक ट्रॉलीबरोबर दोन ठोकळे असलेच पाहिजेत. टोळीतली बायामाणसे, पोरे भरल्या ट्रॉलीवर बसवून आणू नयेत.

आमची चूक

आतापर्यंत सभासदांना आणि ड्रायव्हरांना बरेच सांगितले. आता आमचेही सांगतो.

क्लच सर्वांत जास्त कुठे झिजतो याचा आम्ही विचार केला तेव्हा बोट आमच्याच गाडीतळाकडे गेले. काट्यापुढे रांग लागते. पुढची गाडी दहा फूट सरकली की मागची दहा फूट सरकते, तिच्या मागची तशीच. रात्रभरात एक भरला ट्रॅक्टर पन्नास वेळा उचलला जातो. आधीच्या उचलीची उष्णता निवायच्या आत पुढची उचल. पाणंदीतल्या चिखलाला बोल लावायचे आणि आपल्या आवारातली रांग विसरायची, हे बरोबर नाही.

म्हणून या हंगामात वाहने दहा-दहाच्या गटाने पुढे बोलावण्याचे ठरवले आहे. नंबर पुकारेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन बंद करून खुशाल आडवे व्हावे. मधे कोणी घुसणार नाही हे पाहणे आमचे काम. कोणी घुसू लागला तर भांडण्याऐवजी गाडीतळावरच्या आमच्या माणसाला सांगावे. तो जागेवर नसेल, तर तेही कळवावे.

सभासदांनी आपल्या वाटचे एवढे करावे. पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी मोकळीक मोजावी, पकडीची परीक्षा घ्यावी, सील पाहावी, ठोकळे करून ठेवावेत. ड्रायव्हरला शेजारी बसवून हा अंक वाचून दाखवावा, कारण ट्रॅक्टर मालकाचा असला तरी पॅडलवर पाय त्याचा असतो. ज्यांना शंका असेल त्यांनी ट्रॅक्टर घेऊन वर्कशॉपकडे यावे. मोकळीक पाहून देण्याचे आम्ही काही घेणार नाही.

बैल गेला अन् झोपा केला, असे या हंगामात कोणाचे होऊ नये. खेपा सुखरूप होवोत, ऊस ताजा येवो आणि उतारा चांगला पडो.

आपली,
शेतकी खाते व वर्कशॉप विभागाची मंडळी